साखळीची पाळी

न्हाई म्हणले ना — कुणीबी फडकं हलवलं न्हाई. हिरवं न्हाई, पिवळं न्हाई, कसलंच न्हाई. किती बार तेच विचारणार, बाई? पोलिसांनी विचारलं, रेल्वेच्या साहेबानं विचारलं, आता तुमी आलात परळीहून जिपा बदलत, या उन्हात — बसा आधी. त्या बाजेवर बसा. आन ती पिशवी आत ठिवा. इथं न्हाई, बाजेखाली बी न्हाई, आत, खुंटीला अडकवून या. तांबडी हाय म्हणून. कावून ते मागून सांगते, आधी ठिवा. हां — असं. या घरात तांबडं काही बाहेर दिसत न्हाई, तुमच्या ध्यानात आलं असंल. मिरच्या बी मी मागल्या अंगाला वाळू घालते आन वरून फाटकी गोधडी टाकते. बायका हसतात मला — भिवराबाईच्या मिरच्यांना दृष्ट लागती का म्हणून. हसू दे. हसणाऱ्याचं काय जातं.

नाव सांगायची गरज न्हाई, मी तुम्हाला बांधावरनं येताना बघूनच वळखलं. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, पायात शहरातल्या चपला आन डोळे असे, म्हणजे महिना महिना झोप न्हाई. वीरभद्रअप्पाची बायको. गार्डाची. दुसरं कोण येणार आमच्या शेतातल्या आखाड्यावर? इथं आजकाल माणसं वाट वाकडी करून जातात. चहा चालतो का आमच्या हातचा? आता ‘कशाला’ म्हणू नका, उगं विचारते, तुमच्या लोकांत काहीजण खात-पित न्हाईत दुसऱ्याचं. तुमचा नवरा खायचा. आमचा हुरडा खाल्लाय त्यानं, हरभऱ्याचा डहाळा खाल्लाय. गाडीच्या मागल्या डब्याच्या दारात उभा राहून दाणे सोलायचा आन टरफलं खाली टाकायचा, लेकरावाणी. माणूस वाईट न्हाई तो. मी कुठं म्हणले वाईट हाय? ते पेपरवाल्यांनी म्हणलं. मी एवढंच म्हणते की फडकं हललं न्हाई. आन हळू बोला जरा — तो तिकडं लिंबाखाली बसलाय ना पाठमोरा, तो माझा ल्योक. गहिनीनाथ. त्याला ऐकू जातं. मुका न्हाई तो. बोलत न्हाई एवढंच. त्याची बायको, मनकर्णा, गेली तवापासनं बोलत न्हाई.

समजतंय मला. समजतंय हो, मी काय पाळण्यातली हाय का? उद्या परळीला चौकशी हाय. तुमचा नवरा म्हणतो, शेतातनं हिरवं फडकं हललं म्हणून मी शिट्टी दिली आन गाडी सोडली. आन अख्खं गाव म्हणतं, कुणीच फडकं हलवलं न्हाई, गार्ड दारू प्यालेला होता. आता वकील म्हणतो की गावातल्या एकानं जरी सांगितलं — होतं फडकं — तर केस हलकी होईल, न्हाई तर दारू पिऊन बाई मारली म्हणून आत जाईल तो. तुमी त्या एका माणसासाठी आलात. मग माझ्याकडंच कावून? मेली ती माझी सून. मारणाऱ्याला मी सोडवू? — न्हाई, तुमी रडू नका. रडायचं असंल तर चिंचा फोडा. ती चिंच घ्या, हां, असं शिरेला धरायचं आन चिंचोका बाहेर. तुमच्या हाताला सवय न्हाई. राहू द्या, मीच फोडते.

तुम्हाला आमची रीत ठाऊक न्हाई म्हणून तुमी असं विचारता. या चिंचटेकला टेसन न्हाई, बाई. गाडी आमच्या रानातनं जाती, घरावरनं जाती, इंजिनाचा धूर आमच्या भाकरीवर बसतो, आन उतरायचं कुठं? पार घाटनांदूरला. तिथून डोक्यावर बोचकं घेऊन पायी मागं. हॉल्ट द्या, हॉल्ट द्या — अर्ज करून करून माणसं म्हातारी झाली. मग लोकांनी साखळी धरली. परळीहून येताना पुलाच्या अलीकडं ते वाकडं चिंचेचं झाड लागलं की वढायची, म्हणजे गाडी बरोबर आमच्या बांधाशी थांबायची. आधी कुणीबी वढायचं. तू वढशील म्हणून मी गप, मी वढीन म्हणून तू गप, आन सगळे घाटनांदूरला. तिथं उतरून मग टेसनावरच मारामाऱ्या. तवा गहिनीनं पाळी लावली. पाटाच्या पाण्याची असती ना पाळी, तशी साखळीची. आज सटवाचं घर, उद्या म्हाळूचं, परवा आमचं. ज्या घरी पुरुष न्हाई त्यांची पाळी शेजाऱ्यानं करायची. पकडलं तर दंड सगळ्या गावानं भरायचा. तुम्हाला खोटं वाटंल, ग्रामपंचायतीत एकमेकाला खुर्च्या फेकून मारणारं गाव हाय हे, पण साखळीची पाळी कुणी चुकवली न्हाई. सोयरिक जुळवायला पाव्हणे आले तर तेबी पाळी बघून यायचे. हसा, हसा. हसण्यासारखंच होतं ते.

तुमचा नवरा बी आधी लई तडकला होता. पहिल्या पहिल्यांदा उतरून यायचा, खडीवरनं ठेचकाळत, नावं विचारायचा. नाव कोण सांगणार? सगळे म्हणायचे, आमी तर खिडकीशी बसलतो साहेब. साखळी वढली की डब्याच्या टोकाला एक चकती फिरती — तुम्हाला ठाऊक असंल, गार्डाच्या घरातल्या तुमी — कोणत्या डब्यातनं वढली ते कळावं म्हणून. ती सरळ केल्याबिगर गाडी हालत न्हाई. ती सरळ करायला त्यालाच यावं लागायचं. रोज. गुडघा दुखायचा ना त्याचा? मग ज्याची पाळी तोच खाली उतरून चकती सरळ करायला लागला. कशाला म्हाताऱ्या माणसाला चालवायचं — म्हातारा न्हाई तो, बरं, पण आमच्या पोरांना वाटायचा. मग काय, साखळी आमीच वढायची, चकती आमीच सरळ करायची, आन तो आपल्या डब्यातनं शिट्टी द्यायचा. उतरायचं कामच राहिलं न्हाई त्याला. — काय? सगळे उतरले हे त्याला कसं कळायचं? कळायचं. दिसत असंल की. डोळे हायेत त्याला. मला काय ठाऊक कसं कळायचं? मी घरात भाकरी थापत असायची.

घ्या, चहा घ्या. गुळाचा हाय.

मी एक विचारू? तुमचा नवरा इतकी वर्षं त्या गाडीवर हाय. त्या गाडीत बसलेल्या माणसाला गार्डाशी बोलायचं असंल तर काय हाय? फाट्यावर तो पिवळा फोनचा डबा आलाय, काच लावलेली खोली, आत पंखा. म्हाळूचं पोरगं तिथनं मुंबईला बोलतं, दिल्लीला बोलतं, सटवाच्या भावानं तर दुबईला बोलून दाखवलं सगळ्यांना, नंबर फिरवायचा आन बोलायचं. आमच्या गावात पाण्याच्या आधी ती काळ्या पाण्याची बाटली आली, पत्र्याच्या घरावर छत्री आली परदेशातलं नाचगाणं दाखवणारी. पण चालत्या गाडीतल्या बाईला त्याच गाडीच्या शेपटाला बसलेल्या माणसाला सांगायचं असंल की बाबा थांब, असं असं झालंय — तर काय हाय? साखळी. आन साखळीला तोंड न्हाई. ती एवढंच सांगती, थांब. कावून थांब, ते सांगत न्हाई. चिंचटेकच्या बायकांना उतरायचंय म्हणून थांब का एक माणूस चाकाखाली आलंय म्हणून थांब — दोन्हीला एकच आवाज. फुस्स. हे साहेबलोकांना कुणी विचारलं का? आता काय केलं त्यांनी? त्या गाडीच्या साखळ्याच बांधून टाकल्या म्हणे. म्हणजे आता तेवढा एक शब्द होता, तोबी गेला.

आन तो विजयसिंह! पुढारी म्हणवतो. मनकर्णाची राख गार झाली न्हाई तर दोन जिपा घेऊन आला. संगं पेपरवाले. माझा फोटो काढला, मला म्हणतात, मावशी, पदर जरा डोळ्याला लावा. मी म्हणले, तुझ्या डोळ्याला लाव की. रात्री गावाला बसवलं आन समजावलं — साखळीची पाळी, चकती, काही काही बोलायचं न्हाई. ते बोललात तर गाव गुन्हेगार ठरंल, हॉल्ट कायमचा गेला. गार्ड दारू प्यायला होता एवढं म्हणा, बाकी मी बघतो. मनकर्णाच्या नावानं हॉल्ट आणतो. नारळ फोडला त्यानं, तिथं, रुळाच्या कडंला. पाटी लावली. पाटीवर त्याचं नाव मोठं, तिचं बारीक. हॉल्ट कुठाय? पाटीखाली शेळ्या बसतात. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, दारुड्या गार्डानं घेतला बळी. त्या पेपरवाल्यानं कुणाला विचारलं? डब्यात जाऊन वास घेतला का? मी एकाला बी म्हणले न्हाई की दारू प्याला होता. तुमच्या नवऱ्याच्या तोंडाला मी कधी वास बघितला न्हाई. ते खोटं हाय. हां, ते खोटं हाय, ते मी उद्या साहेबापुढं बी सांगीन. पण फडक्याचं न्हाई सांगणार.

त्या दिवशी काय झालं ते ऐकायचंय तुम्हाला? मी तिथं नव्हते, पण त्या गाडीतल्या वत्सलाबाईनं सगळं सांगितलं. मनकर्णा परळीच्या बाजाराला गेलती. कांद्याचं बी आणायचं होतं. येताना दारात उभी राहिली. सगळेच राहायचे, चिंचेच्या झाडाआधीच बोचकी घेऊन दारात, कारण गाडी थांबायची तेवढ्यात उतरायचं असायचं. ती पलीकडल्या अंगाच्या दारात होती. अलीकडं गर्दी लई होती म्हणे. वळणाला गाडीनं हिसका दिला आन ती गेली खाली. पायरीला लुगडं अडकलं. फरफटत आली. मग आत कुणी परका माणूस होता, उदगीरकडचा असंल, त्याला आमची पाळी ठाऊक न्हाई, रीत ठाऊक न्हाई, त्यानं उडी मारून साखळी वढली. आमच्या रुळावर इतक्या वर्षांत खऱ्या कामासाठी वढलेली ती पहिली साखळी, बाई. आन कुठं वढली? झाडाच्या जरा आधी. म्हणजे गाडी थांबली कुठं? आमच्याच बांधाशी. रोजच्या जागी. पाळी सटवाची होती. त्याचा हात साखळीकडं जायच्या आत गाडी थांबाय लागली, तर त्याला आनंदच झाला, म्हणला आज कुणीतरी माझं काम केलं, पकडायची भीती गेली. तो उतरला, त्यानं चकती सरळ केली. बायका अलीकडल्या अंगानं बोचकी घेऊन उतरल्या. ज्यानं त्यानं आपापलं काम केलं. आन पलीकडं वत्सलाबाई त्या परक्या माणसासंगं खाली उतरलती, गाडीखाली वाकून मनकर्णाचं लुगडं सोडवत होती. जित्ती होती ती. बोलत होती. ‘काकी, आधी बियाची पिशवी घ्या’ म्हणली. वत्सलाबाई वरडत होती, पण इंजिनाच्या आवाजात काय ऐकू जाणार? आन गार्डानं शिट्टी मारली. गाडी हालली.

का मारली ते तुमी त्यालाच विचारा. उतरून का न्हाई बघितलं? साखळी वढली की उतरून बघायचं, हे त्याचं काम न्हाई? त्याचं काम हाय. दुसऱ्यानं काही करू दे, काही हलवू दे, त्याचं काम त्याचं. म्हणजे — कुणी काही हलवलं असं न्हाई म्हणत मी. हिरवं फडकं कुठनं येणार शेतात? ज्वारी हिरवी, हरभरा हिरवा, शेतात सगळंच हिरवं. हललं असंल काहीतरी वाऱ्यानं.

आला बघा. उठला. पाणी प्यायला जाईल आत. जा रे बाबा, माठ भरलाय. ह्या पाव्हण्या हायेत, परळीच्या — जा. ... बघितलंत? वर बघत न्हाई कुणाकडं. असा नव्हता. आख्ख्या गावाला पाळीला लावणारा माणूस तो. आन ती तशीच मिळाली होती त्याला. धर्मापुरीची. भांडायची माझ्याशी, लई भांडायची, मिठावरनं भांडायची, चुलीत लाकूड उलटं घातलं म्हणून भांडायची, मीबी सोडायची न्हाई. पण डोकं होतं तिला, बाई. हे सगळे बाप्ये साखळ्या वढत होते, पण एकाच्या बी ध्यानात आलं न्हाई की गाडीवाल्याला खूण कोणती द्यायची. गहिनी आधी आपला डोक्याचा तांबडा रुमाल हलवायचा, सगळे उतरले म्हणून. आन गाडी हालायचीच न्हाई! हा हलवतोय, तो गार्ड बघतोय, हा अजून जोरात हलवतोय. मनकर्णा नवी नवरी होती तवा, दारात उभी राहून हसली हसली आन म्हणली, अहो, तांबडं म्हणजे थांब असतंय, तुमी जा जा म्हणून थांब थांब करायलात. आन स्वतःच्या लग्नातल्या हिरव्या पातळाचा पदर फाडून दिला त्याला. नवं पातळ! मी केवढी बोलले तिला त्या दिवशी. काठीला बांधून ठिवलं होतं त्यानं ते, तिथं लिंबाच्या फांदीला, गाडी आली की घ्यायचा आन —

...

काय बघता? चहा सांडला तुमचा.

... बरं. सांगितलं मी. आता सांगितलंच. तोंडाला काय कुलूप असतंय का — इतके दिवस लावलं होतं, आन तिच्याच हुशारीचं सांगता सांगता उघडलं. बस. बस, पोरी, उठू नकोस. हललं होतं फडकं. तुझा नवरा खोटं बोलत न्हाई. आता झालं का मन शांत? माझं झालं न्हाई.

गहिनी कांद्याच्या वाफ्यात होता. गाडी थांबली, बायका उतरलेल्या दिसल्या, सटवानं चकती सरळ केली, आता रोजच्या माणसानं रोज काय केलं असतं? त्यानं काठी घेतली आन फडकं हलवलं. सगळे उतरले, जा. तुझ्या नवऱ्यानं शिट्टी दिली. गाडी म्हणजे पडदा असतोय ग. ती उभी असती तवा पलीकडलं काही दिसत न्हाई. ती हालली, एक एक डबा सरकत गेला, आन शेवटचा डबा गेल्यावर पलीकडलं दिसलं त्याला. काठी हातात तशीच. मीच ती त्याच्या मुठीतनं सोडवली. मी फडकं चुलीत घातलं. पोलिस यायच्या आधी. मीच सगळ्या बायकांना सांगितलं, कुणी काही बघितलं न्हाई. विजयसिंह नंतर आला, त्याच्या आधी मी सांगितलं. त्यांना हॉल्ट पाहिजे होता. मला माझा ल्योक पाहिजे होता.

आता तूच सांग, तो उद्या साहेबापुढं उभा राहील? त्याला विचारतील, बाबा, तूच हलवलं का? तू तुझ्या हातानं — अगं, जिवंत राहील का तो? आताच कसा राहिलाय बघ. सुरुवातीला रोज गाडीच्या टायमाला तांबडा रुमाल घेऊन रुळावर जाऊन उभा राहायचा. थांबवायला. थांबायची बी गाडी. ड्रायव्हर शिव्या देत यायचा, आन हा नुसता उभा. एकदा पोलिसांनी नेलं, पाठ काळी करून आणून टाकला. म्हणून मी घरातलं सगळं तांबडं लपवलं. आता तो जातो, कडंला उभा राहतो आन मोकळे हात वर करतो. गाडी जाती. गाडीतले लोक हात हलवतात त्याला. त्यांना वाटतं, खेड्यातला माणूस हाय, टाटा करतोय.

ऐक. रडणं थांबव आन माझं ऐक. तुझ्या नवऱ्यानं तोंड बघितलं होतं का? फडकं हलवणाऱ्याचं? न्हाई ना? मागल्या डब्यातनं वाफ्यापर्यंत तोंड कुठलं दिसतंय. काठी दिसली, हिरवं दिसलं. मग झालं तर. उद्या मी येते. साहेबापुढं मी सांगते, फडकं होतं, आन मी हलवलं. भिवराबाईनं. म्हातारी, दिसत न्हाई धड, रोजच्यासारखं हलवलं. साखळीची पाळी सांगते, चकतीचं सांगते, दारूचं खोटं हाय तेबी सांगते. गाव माझं पाणी बंद करंल, करू दे. — काय? ‘सासू होती’? ठाऊक हाय ग मला. सासूनं सुनेला गाडीखाली घातली म्हणतील. मिठावरनं भांडायची म्हणून सांगायला तर गावच्या सगळ्या बायका तयार असतील, सगळ्यांनी ऐकलंय. म्हणू देत. तिला ठाऊक हाय ना मी कशी होते ते, मनकर्णाला? बस. फक्त तू कुणाला सांगायचं न्हाई. तुझ्या त्या लिंगाला हात लावून सांग. सांग की. अशी काय बघायलीस माझ्याकडं? तुला एक माणूस पाहिजे होता, मिळाला. खोटं? अर्धं खोटं हाय. फडकं खरं हाय, हात खोटा हाय. तुझा नवरा सुटंल, माझा ल्योक सुटंल. अजून काय पाहिजे तुला?

थांब. ऐकू आलं का? पुलावर आली. ती बघ, गाडी. आता तो जाईल, मोकळे हात वर करंल, दोन मिनिटांचं काम हाय, तू बघू नकोस तिकडं. ... गेला न्हाई अजून? लिंबाखाली तर न्हाई. पाणी प्यायला गेला तो आला कुठं परत? मागलं दार वाजलं होतं का मघाशी? पोरी — तुझी पिशवी. आत बघ. खुंटीला बघ. न्हाई?

गहिनी! अरे ए गहिनी!

तो बघ, रुळावर. मधोमध. दोन्ही हातांनी वर धरलीय तुझी पिशवी. बाजूला हो रे! माझ्या राजा, बाजूला हो — सोड मला, धरू नको — थांबती का? थांबायली. चाकं कशी वरडायलीत बघ. थांबली. आई तुळजाभवानी, थांबली.

... कोण उतरायलंय ते मागल्या डब्यातनं? गार्ड हाय. नवाच दिसतोय, पोरगंच हाय. चालत यायलाय. शिट्टी न्हाई मारली त्यानं. खडीवरनं चालत यायलाय, एका एका डब्याखाली वाकून बघायलाय. आता पलीकडं गेला. पलीकडल्या अंगानं बी बघत असंल ग तो. ... आला. गहिनीपाशी आला. त्याच्या खांद्यावर हात ठिवला. विचारत असंल. कावून थांबवली म्हणून विचारत असंल.

पोरी, इतक्या लांबचं बारीक मला दिसत न्हाई. नीट बघ. ओठ हालायलेत का त्याचे? गार्डाचे न्हाई — गहिनीचे. हालायलेत ना? बोलायलाय ना तो?

गप. काय म्हणायलाय ते मला सांगू नको. मला इथनं ऐकू येत न्हाई, नकोच यायला. तू जा. पिशवी तुझी हाय, मागायला तुलाच जावं लागंल. जाऊन उभी राहा त्याच्याजवळ, तो काय सांगतोय ते सगळं ऐक. तुझ्या कामाचं असंल. आन तिकडूनच फाट्याला वाट हाय, तिकडूनच जा. परत येऊ नको इकडं. मला अजून एवढ्या चिंचा फोडायच्यात.

जा म्हणले ना.